दोन हजार तीनशे अठरा जणांच्या घरची

स्वतःच्या नवऱ्याला नोटीस पाठवायची वेळ पद्मजा ऐतवडेवर आली ती एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, टेबलावरचा चहा निवत असताना.

नोटीस साधी होती. ‘आपली आरोग्यपेटी उघडण्याचे तीन चुकीचे प्रयत्न काल झाले. प्रकार : घरचा. तक्रार असल्यास सात दिवसांत कळवावे.’ खाली नोंद-तपासनीस म्हणून पद्मजाची सही लागणार होती. आणि ऐतवड्यांच्या घरात माणसं दोनच. एक ज्याची पेटी होती तो अभिनंदन, आणि दुसरी ही सही करणारी.

तिने सही केली. न करून सांगते कुणाला? सही न झालेली नोटीस यंत्र दर दहा मिनिटांनी पुन्हा समोर आणून ठेवायचं, आणि चौथ्या वेळेला साहेबांना कळवायचं.

सन २०४३ची ही गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी चेहरा, आवाज, बोटांचे ठसे या सगळ्यांची नक्कल कुणालाही घरबसल्या करता येऊ लागली, आणि जग मुकाट्याने पुन्हा पासवर्डकडे वळलं. प्रत्येकाची एक आरोग्यपेटी होती. तिच्यात त्याचे आजार, तपासण्या, औषधं. चौकाचौकातली औषधयंत्रं पेटी वाचूनच गोळ्या द्यायची. पेटी उघडायची ‘मनातल्या शब्दाने’. शब्द एकच, आणि तो कुठे लिहून ठेवायचा नाही.

पेटी उघडायचा प्रत्येक प्रयत्न सर्व्हरच्या नोंदींत उतरत असे. कुठली पेटी, किती वाजता, कुठल्या यंत्रावरून, जमलं की चुकलं. जुन्या काळी या नोंदींतून हल्ला ओळखणं सोपं होतं. एकाच ठिकाणाहून मिनिटाला हजार चुका दिसल्या की समजायचं, कुणाचं तरी यंत्र अख्खा शब्दकोश घेऊन कुलपाशी बसलंय. मग हल्ला करणारे शहाणे झाले. हजार ठिकाणांहून, हजार पेट्यांवर, दिवसाला एकेकच शब्द घालून बघायला लागले. अशी एकेक चूक एखाद्या विसरभोळ्या माणसाची वाटते, आणि कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही.

म्हणून ‘पारखी’ आलं. पारखी चुकलेला शब्द साठवत नसे. तसं करायला बंदीच होती, कारण चुकलेला शब्द बरोबर शब्दापासून अनेकदा एका वेलांटीच्या अंतरावर असतो. पारखी फक्त शब्दाचा प्रकार टिपायचं, म्हणजे नाव, तारीख, गाव, खाण्याचा पदार्थ, आणि टाइप करताना बोटं कुठे थांबली ते. यंत्रालाही अडखळायचं सोंग करता येतं, पण ते कुठेही अडखळतं. माणूस अडखळतो तो अर्थापाशी. परका माणूस सगळ्यात सोप्या शब्दापासून सुरुवात करतो. घरचा माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव घालून बघतो. अशा लाखो नोंदी चाळून पारखी चार शिक्के मारायला शिकलं होतं : यंत्र, अनोळखी, ओळखीचा, घरचा.

दहीवळ तालुक्यातल्या किती घरांत या चौथ्या शिक्क्याने भांडणं लावली होती, त्याचा हिशोब पद्मजाने ठेवणं सोडून दिलं होतं. आता पाळी तिच्या घराची होती.

संध्याकाळी अभिनंदन वर्कशॉपमधून आला. फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप होतं. त्याने हात धुतले, ताटावर बसला आणि फोन तिच्यापुढे धरला.

“नाव, तारीख, परत नाव,” तो म्हणाला. “पहिलं नाव कुणाचं?”

“माझं,” पद्मजा म्हणाली.

“आणि दुसरं?”

“माझंच. माहेरच्या आडनावासकट.”

अभिनंदनने भाकरी मोडली. “बघायचं काय होतं तुला?”

“दर शनिवारी सांगलीला जातोस. विचारलं की काम आहे म्हणतोस. वजन उतरलंय. मी काही बोलले की नुसती मान हलवतोस. काल मी म्हटलं, मोठ्या आत्या गेल्या. तू म्हणालास, बरं झालं.”

“मला वाटलं, माहेरी गेल्या.”

“माहेरी? नव्वदाव्या वर्षी?”

त्याने आमटी ओतून घेतली. तिला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. दोन वर्षं हेच चाललं होतं. पुढचे दोन दिवस घरात दोघं होती आणि बोलत होता तो फक्त कुकर.

गुरुवारी सकाळी पारखीने एक असा अहवाल दिला की आरोग्यपेटी केंद्राचे प्रमुख कुलथेसाहेब आपली खोली सोडून चालत पद्मजाच्या टेबलापाशी आले. असं याआधी फक्त एकदा झालं होतं, त्यांच्या खोलीत साप निघाला तेव्हा.

“हे काय आहे?” ते म्हणाले.

पद्मजाने वाचलं. पाच महिने, चौदा सार्वजनिक यंत्रं, दोन हजार तीनशे अठरा पेट्या. एका पेटीवर दिवसाला एकच प्रयत्न. त्यातल्या चारशे अकरा उघडल्या होत्या, आणि उघडलेल्या पेट्यांत कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. नोंदी सगळ्या एकाच हाताच्या. आणि पुढे शिक्का : घरचा. दोन हजार तीनशे अठरा वेळा, घरचा.

“एक माणूस दोन हजार तीनशे अठरा जणांच्या घरचा कसा असेल?” कुलथेसाहेबांचा आवाज चढला. “पारखी फसलंय. कुणीतरी घरच्यासारखं अडखळणारं यंत्र बनवलंय, आणि पहिला प्रयोग आपल्या तालुक्यावर केलाय. राज्य कक्षाने शनिवारी दुपारपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर तालुक्यातल्या सगळ्या पेट्या गोठवणार.”

पेट्या गोठल्या की औषधयंत्रं बंद. मग साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या कुणालाच मिळणार नाहीत. पद्मजाने चहा बाजूला सारला आणि नोंदी उघडल्या.

सुरुवातीला काहीच लागेना. पेट्यांचे क्रमांक कसेही उड्या मारत होते. मग तिने क्रमांक सोडले आणि वेळा बघितल्या. सोमवारी एकही प्रयत्न नाही. सोमवार दहीवळच्या बाजाराचा. दुपारी एक ते तीन शुकशुकाट. ज्या दिवशी गावात मोठं लग्न, त्या दिवशीही सुट्टी. जेवून आडवं होणारं आणि लग्नाला जाणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नव्हतं.

मग तिने पेट्यांचे मालक नकाशावर मांडले आणि पहिल्या प्रयत्नांच्या क्रमाने ठिपके जोडले. पडद्यावर रेघ चालायला लागली. कोष्टी गल्लीच्या डाव्या हाताने वर, उजव्या हाताने खाली, मग तांबट आळी, मग देवळामागचा बोळ. मध्येच एखादं घर सोडून पुढे जायची, आणि मागच्या बाजूने त्याच घरात यायची.

पलीकडच्या टेबलावरच्या रुकसाना मुल्ला डबा उघडता उघडता थांबल्या. त्या दहीवळच्याच. जन्म, शाळा, लग्न सगळं याच गावातलं.

“ही वाट मला माहिती आहे,” त्या म्हणाल्या. “ही पोलिओच्या डोसाची वाट. आधी कांबळ्यांकडे, मग मागच्या दाराने आमच्याकडे. पुढच्या दाराने आल्या की आम्ही पोरं मागून पळून जायचो, म्हणून त्या मागूनच यायच्या.”

“कोण त्या?”

“मालनताई. दुसरं कोण?”

मालन तांदळे दहीवळच्या आशाताई होत्या. तीस वर्षं गावातली बाळंतपणं, डोस, वजनं, गोळ्या सगळं त्यांनी पायी फिरून बघितलं होतं. तीन वर्षांपूर्वी पेट्या आल्या आणि आशाताईंची पदं संपली. निरोप समारंभात त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

शुक्रवारी पावणेअकराला एस.टी. स्टँडजवळच्या औषधयंत्रापाशी पद्मजा जाऊन उभी राहिली. वेळ तिने नोंदींवरून काढली होती. मालनताई चार मिनिटं आधीच आल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड रजिस्टर. त्यांनी रजिस्टर उघडलं, एका नावाखाली बोट धरलं आणि पडद्याकडे बघत विचारात पडल्या.

“मालनताई, काय करताय?”

“दिसत न्हाई व्हय? सुमन कोष्टीची पेटी उघडायलीय. गप उभारा जरा, डोस्कं चालंना झालंय.”

चोराला पकडायचं तर त्याने दचकायला तरी हवं.

“दुसऱ्याची पेटी उघडणं गुन्हा आहे, ताई.”

“दुसऱ्याची कुठं? सुमनची हाय. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या डोळ्यांदेखत झाल्यात.” मग त्यांनी पद्मजाला नीट न्याहाळलं. “तू ऐतवड्यांची सून न्हवं का? पेट्यांच्या आपिसातली?”

“हो. आणि तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल.”

“चल की. तुमच्या आपिसात एकदा यायचंच हुतं मला. लई चुका हैत तुमच्या पेट्यांत.”

केंद्रात रुकसानांनी त्यांना खुर्ची दिली. कुलथेसाहेब दारातूनच डोकावून गेले. राज्यावरचं संकट नऊवारीत बसून पाणी पितंय हे पचायला त्यांना वेळ हवा होता.

“पण का, ताई?” पद्मजाने विचारलं.

“अगं, पेटीत माणसं आपलं आपणच भरत्यात. मग काय भरतील? तंबाखू न्हाई, दारू न्हाई, रोज पाच किलोमीटर चालतो. जिनगोंडा पाटलानं साखर न्हाई असं भरलंय. त्यो तुमचा यंत्र-डॉक्टर बिचारा ते खरं धरून चालतो. आधी मी तुमच्याकडंच अर्ज केला हुता. दोनदा. उत्तर आलं, ‘आपले पद अस्तित्वात नाही.’ मग म्हटलं, आपणच जाऊन नीट करावं.”

“आणि शब्द कसे ओळखलेत? चारशे अकरा?”

मालनताईंचा चेहरा खुलला. “ते काय अवघड न्हाई. तुम्ही माणसाला काय आवडतं ते बघता. मी माणूस कसा हाय ते बघते. जो भित्रा, त्यो देवाचं नाव घालतो. जो मिरवणारा, त्यो गाडीचा नंबर. तुझा नवरा ल्हानपणापासनं चिडका. ह्यो आवडतीचं न्हाई, नावडतीचं घालणार, असं मी वळखलं. दुसऱ्या डावातच उघडली.”

“काय होता शब्द?”

“ते मी कसं सांगू? खाजगी असतंय ते,” मालनताई म्हणाल्या.

नियमाप्रमाणे तपासनिसाला बदललेल्या नोंदी वाचता येत, पण मालकाचं नाव झाकून, फक्त वय आणि धंदा दिसत. पद्मजा वाचू लागली. ‘चालायला जातो म्हणतो. देवळाच्या कट्ट्यावर बसून येतो.’ ‘साखर नाही हे खोटं. परवाच्या लग्नात गुलाबजाम सहा, तेही मी बघत होते तेवढ्यात.’ ‘गोळ्या निम्म्या स्वतः खाते, निम्म्या नणंदेला देते.’ ‘पोटात दुखतं ते पोटाचं नाही. लेकीचा फोन आला की थांबतं.’

रुकसाना तोंडाला पदर लावून हसत होत्या. पद्मजाही हसत होती, तेवढ्यात पुढची नोंद आली. वय एकेचाळीस. धंदा : ड्रोन दुरुस्ती.

‘डावा कान पार गेलाय, उजवा निम्मा. सांगलीला यंत्र बसवायला जातो, पण लावत नाही, लाजतो. घरी सांगितलेलं नाही. बायको चांगली आहे. मोठ्यानं बोलते तेच बरं.’

दहीवळमध्ये ड्रोन दुरुस्त करणारा एकच माणूस होता. पद्मजाने पुढची नोंद उघडली, पण तिला अक्षरं दिसेनात. दोन वर्षं ती ज्या माणसाशी भांडत होती, त्याला भांडण अर्धंच पोहोचत होतं. आणि हे तिला कळलं होतं कचेरीच्या खुर्चीत, तपासनीस म्हणून. बाहेर बोलली तर नोकरी जाईल असं होतं ते. तिने घसा खाकरला आणि पुढचं मोठ्याने वाचलं, उगाच.

“‘ह्याला पेनिसिलिन अजिबात देऊ नये. सुईनं मरता मरता वाचलेला.’ वय अठ्ठावन्न.”

“अठ्ठावन्न न्हवं, चोपन्न,” मालनताई म्हणाल्या. “दादासो चौगुले. धाकटा.”

“इथे अठ्ठावन्न आहे.”

मालनताईंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रजिस्टरात बाबासो आणि दादासो चौगुले एकाखाली एक होते. “मी बाबासोच्या पेटीत लिवलं. पन शब्द तर दादासोचा घातला हुता. उघडली कशी?” आणि त्या ताडकन उठल्या. “अगं, दादासो मगाशी गाल बांधून स्टँडवरनं गेला. दाढ काढायला! त्याच्या पेटीत काय बी न्हाई!”

पद्मजाने स्कूटर काढली. मालनताई मागे बसल्या, रजिस्टर मांडीवर घट्ट धरून.

दंतकेंद्रात पोचल्या तर दादासो चौगुले खुर्चीत नव्हता. तो संडासात होता, आतून कडी घालून. दारासमोर चाकांवरचं परिचारिका-यंत्र हातात सुई घेऊन अदबीने उभं होतं. “कृपया बाहेर या. दाढेच्या सुजेवरचं इंजेक्शन तयार आहे,” ते म्हणत होतं. बाकावर थोरला बाबासो कपाळाला हात लावून बसला होता.

“मला चालत न्हाई ते!” आतून आवाज आला. “तासभर सांगतोय!”

“आपल्या पेटीत तशी नोंद आढळत नाही,” यंत्र म्हणालं. “इंजेक्शन टाळण्यासाठी रुग्ण खोटी कारणं देतात. घाबरू नका.”

पद्मजाने ओळखपत्र दाखवून यंत्राला थांबायला सांगितलं. यंत्र म्हणालं की पेटीत नोंद झाली तरच त्याला थांबता येईल. नोंद करायची तर पेटी उघडायला हवी. मालनताईंचा हात आपोआप पडद्याकडे गेला. पद्मजाने तो धरला.

“तुम्ही नाही, ताई. त्यांची पेटी ते उघडतील.” आणि ती दाराकडे वळली. “दादासो, बाहेर येऊन शब्द घाला!”

“ते सुई टोचंल! मी आतनंच सांगतो, तुम्हीच घाला!”

“सगळ्यांना ऐकू जाईल.”

“जाऊ दे! आईचं नाव हाय. अंबूबाई!”

बाकावरचा बाबासो उभा राहिला. “अरे, माझा बी त्योच हाय!”

पद्मजाने शब्द घातला. पेटी उघडली. दादासोने आतून सांगितलं तशी तिने नोंद केली, मालनताईंनी साल सांगितलं. यंत्राने सुई खाली केली, क्षमा मागितली आणि दुसरं औषध आणायला गेलं. दादासो बाहेर आला. त्याला रडू येत होतं की दाढ दुखत होती, सांगणं कठीण होतं. बाबासो त्याचा हात धरून म्हणाला, “आई गेल्यापास्नं बोललो न्हाई आपण. तू बी तिचंच नाव ठेवलंस?”

मालनताई मात्र पायरीवर जाऊन बसल्या होत्या. पद्मजा शेजारी टेकली.

“तीस वर्षांत एक डोस चुकला न्हाई माझा,” मालनताई म्हणाल्या. “कुणाच्या बी घरात गेले की माणूस समोर असायचा. चुकीचं बोलले तर म्हणायचा, ताई, त्यो मी न्हाई, माझा भाऊ. पेटीत कोण म्हणणार?”

पद्मजाने रजिस्टर आपल्याकडे घेतलं आणि त्यांना उठायला हात दिला.

त्या संध्याकाळी घरी ती नेहमीच्या जागेवर बसली नाही. अभिनंदनच्या उजव्या बाजूला पाट ओढून बसली आणि म्हणाली, “आज भाजीत मीठ कमी आहे का?”

“नाही, बरोबर आहे,” तो पटकन म्हणाला. मग थांबला. तिच्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. पण विचारलं काहीच नाही, आणि तिने सांगितलं नाही. तिला एवढं गप्प बसलेलं त्याने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी सकाळी पद्मजाने अहवालाचा फॉर्म भरला. प्रकाराच्या रकान्यात तिने लिहिलं : घरचा.

कुलथेसाहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, याचा अर्थ कळतोय ना? यंत्र किंवा अनोळखी म्हटलं तर पोलिसांत जाईल. घरचा म्हटलं की तक्रार करायची की नाही ते पेटीवाला ठरवणार. एक बाई चारशे अकरा कुलपं तोडते, आणि आपण म्हणायचं, घरचीच आहे? उद्या खरा चोर असाच गोड बोलत आला तर?”

“खरा चोर पाच महिने दुपारची झोप सांभाळून चोरी करणार नाही, साहेब. आणि त्यांनी चूक केलीच. एक माणूस त्यात मेला असता, तेही मी लिहिलंय. शिक्षा होऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण प्रकार विचाराल तर पारखी पहिल्या दिवसापासून घरचा म्हणतंय. त्या यंत्रावर आपण प्रत्येक घरातल्या भांडणात विश्वास ठेवला. इथेच का नको?”

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, “माझ्याही पेटीत काही लिहिलंय का हो?”

“मालकाचं नाव सांगता येत नाही, साहेब. पण एका त्रेपन्न वर्षांच्या अधिकाऱ्याला जिने चढायला सांगितलंय.”

त्यांनी सही केली. पेट्या गोठल्या नाहीत. चारशे अकरा जणांना नोटिसा गेल्या, सोबत आपापल्या पेटीतली नोंद, आणि शब्द बदलायची सक्ती.

अभिनंदनची नोटीस दुपारी तीनला आली. शनिवार अर्ध्या दिवसाचा, पद्मजा घरीच होती, आणि अभिनंदनही सांगलीहून नुकताच आला होता. त्याने ती उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली.

“तुला कालच माहीत होतं,” तो म्हणाला.

“सांगायची मुभा नव्हती.”

“म्हणून तू उजवीकडे बसलीस.”

“हो. बसायला बंदी नाही.”

तो आत गेला आणि एक लहानशी डबी घेऊन आला. कानातलं यंत्र कोरं होतं. त्याने ते लावलं, दोनदा मान झटकली आणि दचकून म्हणाला, “आपला पंखा इतका कुरकुरतो?”

“दोन वर्षं सांगतेय दुरुस्त कर म्हणून.”

“म्हातारा झालो असं वाटेल तुला, म्हणून...” तो थांबला. “सगळं ऐकू येत नव्हतं, पण तू रागावलीस की मला अंदाजाने कळायचं.”

“अंदाज किती बरोबर यायचे?”

“जास्त काही नाही,” तो म्हणाला, आणि दोघंही हसली. मग तिने विचारलं, “आता बदलणारच आहेस, तर तुझा शब्द काय होता ते सांग.”

अभिनंदनने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. “गवार,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात घरात चौथ्यांदा गवार झाली होती. पद्मजाने एवढंच म्हटलं, की माहेरच्या आडनावासकट नाव घालणाऱ्या बाईला हा शब्द सात जन्मांत सुचला नसता.

सोमवार बाजाराचा दिवस असूनही केंद्राबाहेर रांग लागली. कुलथेसाहेबांनी तक्रारीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा तयार ठेवला होता. जिनगोंडा पाटलांची तक्रार होती की गुलाबजाम सहा नव्हते, पाच होते. आणि आता एकही औषधयंत्र त्यांना खोकल्याचं गोड औषध देत नाही. एका बाईंची तक्रार होती की जावेबद्दल चार ओळी आणि आपल्याबद्दल एकच का. बाकी निम्मी रांग ज्यांची पेटी उघडलेलीच नव्हती त्यांची. “आम्ही काय तिला परके आहोत का?” असं त्यांचं म्हणणं.

खरी तक्रार एकच आली. निवृत्त मुख्याध्यापक लोंढे गुरुजींची. ते ताठ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “मालनने लिहिलं ते खरं आहे. पण माझं दुखणं कुणाला सांगायचं हे मी ठरवणार. तिने विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं.”

पद्मजाला ते पटलं. तिने तक्रार लिहून घेतली. मालनताईंना सहा महिने सार्वजनिक यंत्राला हात लावायची बंदी झाली, आणि लोंढे गुरुजींची समक्ष माफी मागायला सांगण्यात आलं. त्या गेल्या. माफीला अडीच तास लागले, कारण गुरुजींनी मग दुखणं सगळं सांगितलं.

त्यानंतर मालनताई रजिस्टर घेऊन पुन्हा दारोदार जाऊ लागल्या. पद त्यांना कुणी दिलं नाही. पण माणसं त्यांना बसवून घ्यायची, आपली पेटी आपल्या हाताने उघडायची आणि त्या सांगतील ते लिहायची. कधी वाद व्हायचा, कधी खोडलं जायचं. दहीवळच्या पेट्यांतलं ‘तंबाखू : नाही’ वर्षभरात निम्म्यावर आलं.

पुढच्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पारखीने पुन्हा लाल खूण दाखवली. या खेपेला पेटी एकच होती. तिच्यावर तीन दिवसांत एकशे त्र्याण्णव यंत्रांवरून प्रयत्न झाले होते. एकाच कुलपावर चहूबाजूंनी चाललेला असा मारा पाठ्यपुस्तकात असतो तसा नमुनेदार हल्ला होता, आणि पुढे एकशे त्र्याण्णव वेळा शिक्का होता : घरचा.

पेटी मालन तांदळे यांची.

“आठ दिवस झाले, कुठे दिसल्या नाहीत. आजारी आहेत की काय, कळायला नको?” रुकसाना म्हणाल्या, आणि पद्मजाच्या नजरेला नजर न देता डबा उघडू लागल्या.

एकालाही पेटी उघडता आली नव्हती. पद्मजाने प्रकारांची यादी वाचली. नाव, नाव, नाव, सगळी नावंच. तारीख एकही नव्हती, कारण त्यांचा वाढदिवस कुणाला माहीतच नव्हता. गावही एकही नव्हतं. त्यांचं माहेर कुठलं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तीस वर्षं ती बाई घराघरांतून विचारत फिरली, आणि उलट प्रश्न तिला कुणी केलाच नव्हता.

पद्मजाने नोटीस छापली, स्कूटरची किल्ली घेतली आणि त्यांच्या घरी गेली.

मालनताई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून.

“ताई, काय झालं?”

“मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस बाहिर पडू नको म्हणलाय डॉक्टर. का ग?”

“सांगायचं नाही का कुणाला?”

“त्यात काय सांगायचं? कुणी विचारलं बी न्हाई.” मग त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं. “ते काय आणलंस? मला दिसत न्हाई, वाच.”

पद्मजाने वाचून दाखवलं. पेटी उघडण्याचे एकशे त्र्याण्णव चुकीचे प्रयत्न. प्रकार : घरचा. तक्रार असल्यास सात दिवसांत कळवावे.

मालनताईंच्या पट्टीखालून पाणी आलं, ते त्यांनी पद्मजाला पुसू दिलं नाही. डोळ्याला हात लावायचा नव्हता.

“तक्रार करायची आहे का, ताई? इथे सही लागेल.”

“तक्रार ऱ्हाऊ दे,” मालनताई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठायला लागल्या. “डोळ्याचं कळलं की एकशे त्र्याण्णव जण घरला येणार म्हंजे चहा ठेवाय पायजे. आत चल, मोठं पातेलं खाली काढून दे मला.”